दुकानदाराला काय सांगायचं? बदललेल्या जुन्या जीपचा एक्सल आणि स्टेअरिंग ओळखताना

प्रश्न थोडक्यात असा. जुन्नरकडच्या एका तरुण शेतकऱ्याने जुनी जीप घेतली. आरसी बुकात १९७८ सालची पेट्रोल जीप लिहिली आहे. प्रत्यक्षात बॉनेटखाली प्यूजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन आहे. विकणाऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे गाडी मुळात टू व्हील होती, 'मिलिटरीचा माल' टाकून फोर व्हील केली. पन्नासच्या आसपास एखाद्या खड्ड्यातून गेली की स्टेअरिंग असं थरथरतं, की गाडी थांबवल्याशिवाय थांबत नाही. टाय रॉड एंड (पुढची चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा) बदलायला ते तालुक्याच्या दुकानात गेले. दुकानदाराने विचारलं, "कुठल्या गाडीचा?" जीपचा म्हटल्यावर त्याने तीन वेगवेगळे डबे काउंटरवर ठेवले आणि तिन्हींतला एकही बसला नाही. आता ते विचारतात, माझ्या गाडीचा एक्सल नक्की कुठला आणि स्टेअरिंगचे भाग कुठल्या नावाने मागायचे? सोबत चौदा फोटो आहेत. त्यातले पाच चिखलाचे आहेत, पण बाकीचे कामाचे आहेत.

भाऊ, आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. तुमच्या गाडीला एक नाव उरलेलं नाही. बॉडी एका गाडीची, इंजिन दुसऱ्या, पुढचा एक्सल तिसऱ्या. असं असताना 'जीपचा टाय रॉड एंड द्या' म्हणणं म्हणजे मेडिकलमध्ये जाऊन 'माणसाचं औषध द्या' म्हणण्यासारखं आहे. 'मिलिटरीचा माल' हे तर नावच नव्हे. माझ्या तीस वर्षांत कुर्ल्याच्या भंगारातून आलेला प्रत्येक एक्सल मिलिटरीचाच होता, असं विकणाऱ्यांनी मला सांगितलंय. आरसी, बॅज, डॅशबोर्डवरची पट्टी, काही धरू नका. लोखंड वाचायचं. प्रत्येक जोड स्वतंत्र मोजायचा आणि एका वहीत लिहायचा. ती वही दुकानात न्यायची.

काम सुरू करण्याआधी एक धोक्याची सूचना. या घराण्याच्या जीपला हँडब्रेक चाकांवर नसतो. ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीच्या) मागे एक ड्रम असतो, तो शाफ्टला धरतो. मागचं एक चाक जॅकने उचललं की डिफरन्शियल (म्हणजे डिफ, दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारा एक्सलमधला गिअर) मोकळं होतं, उचललेलं चाक फिरतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकते. एक्सलखाली झोपलेला माणूस आणि सरकणारी जीप, हे मी एकदा पाहिलंय. पोरगा वाचला तो केवळ नशिबाने. जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. जॅकवर भरवसा नको, चेसिसखाली घोडी लावा.

मग डिझेल आणि वायर ब्रश घेऊन दोन्ही एक्सल स्वच्छ धुवा. इथे आळस केलात तर पुढचं सगळं वाया. निम्म्या खुणा त्या मेणचट थराखाली असतात.

पहिली खूण पान्यातच असते. विलीज या मूळ अमेरिकी जीप कंपनीच्या घराण्याची जीप इंची आहे. तिचे बोल्ट १/२, ९/१६, ५/८, ३/४ अशा पान्यांचे. महिंद्राने मुंबईत या जीपची जोडणी १९४७ पासून सुरू केली आणि पुढे सीजे ३ बी (सीजे म्हणजे नागरी जीप) इथेच बनायला लागली, तेव्हा ही इंची मापंही सोबत आली. प्यूजोचं इंजिन मात्र मेट्रिक, आणि जिप्सीसारख्या जपानी वंशाच्या गाड्याही मेट्रिक. त्यामुळे इंची एक्सलवर कुठे १३ किंवा १४ चा पाना चपखल बसला, तर तिथे कुणीतरी हात घातलाय असं समजा. ९/१६ म्हणजे १४.२९ मिमी, त्यावर १४ चा पाना चढतच नाही. फसवतो तो १९ चा. ३/४ इंच म्हणजे १९.०५ मिमी, दोन्ही पाने चालतात. तिथे आटे मोजण्याची पट्टी लावा. तुमच्या नऊ नंबरच्या फोटोत डावीकडच्या टाय रॉड एंडचा नट १९ च्या पान्याने उघडताना दिसतोय. त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

आता मागचा एक्सल. डिफचं झाकण मागून बोल्टने लावलेलं आहे, दहा बोल्ट, आकार वाटोळा नाही, कोनाकोनांचा. हा स्पायसर पद्धतीचा एक्सल, आणि आकारावरून डाना ४४ च्या घराण्यातला (डाना ही एक्सलची कंपनी, ४४ हा मॉडेलचा आकडा). सीजे ३ बी ला अमेरिकेतही मागे हाच होता. ज्या एक्सलचं मागचं झाकण उघडत नाही आणि अख्खा क्राऊन-पिनियनचा (डिफमधल्या मोठ्या आणि छोट्या दातेरी चाकाचा) गठ्ठा पुढून शाफ्टच्या बाजूने निघतो, तो वेगळ्या कुळाचा. जिप्सीचा तसा आहे, अँबेसेडरचाही तसाच. म्हणजे झाकण कुठल्या बाजूने उघडतं एवढं पाहिलं, की निम्मे दावेदार बाद होतात.

पुढच्या एक्सलचं झाकण फोटोत लहान आणि जवळजवळ गोल दिसतंय, तेही दहा बोल्टचं. हा डाना २५ किंवा त्यानंतरचा २७ असावा. बोल्टची संख्या सारखी म्हणून पॅकिंग सारखं येईल असं समजू नका. कार्डबोर्ड झाकणावर ठेवून पेन्सिल घासा, भोकांचा ठसा घ्या, तो दुकानात न्या. २५ चा क्राऊन साधारण ७ ३/४ इंचांचा, म्हणजे १९७ मिमी. ४४ चा ८ १/२ इंचांचा, २१६ मिमी. झाकण उघडलंच तर व्हर्निअर लावून पाहा. हाउजिंगच्या बरगडीवर कधी कधी २७ किंवा ४४ असा ओतीव आकडा असतो. खडू घासला तर उठून दिसतो.

डिफ मध्यात आहे की बाजूला, हे या घराण्यात फार बोलकं असतं. जुन्या जीपचा डाना १८ ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा दोन्ही शाफ्ट गाडीच्या उजव्या अंगाने काढतो, म्हणून दोन्ही डिफही उजवीकडे सरकलेले असतात. तुमचा पुढचा डिफ उजवीकडे आहे, ठीक. मागचा फोटोत कळत नाही. मागचा मध्यात असेल, तर गाडी टू व्हील असतानाचा एक्सल तसाच ठेवलाय आणि शाफ्ट तिरका पळतोय असं समजा. मग क्रॉस (शाफ्टच्या टोकाचे वाकणारे सांधे) वारंवार जातील, आणि तुम्ही दर वेळी क्रॉसच्या कंपनीला शिव्या द्याल.

पुढे येतो तो खरा घोळ, ज्याबद्दल तुम्ही विचारलं नाही. दोन्ही एक्सलचा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे, सारखा आहे का? युद्धकाळातल्या विलीज एमबी ला ४.८८ होता, क्राऊनला ३९ दात आणि पिनियनला ८. नागरी सीजे मध्ये तो ५.३८ झाला, ४३ ला ८. म्हणजे पुढे खरोखरच कुठल्या जुन्या मिलिटरी जीपचा एक्सल असेल आणि मागे सीजे चा, तर दोन्हींत दहा टक्क्यांचा फरक. चिखलात चाकं घसरतात म्हणून तो कळत नाही. डांबरी रस्त्यावर फोर व्हील टाकली की पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतात. गाडी बांधल्यासारखी होते, लिव्हर निघत नाही, ट्रान्सफर केस तापतो, आणि एक दिवस काहीतरी तुटतं. कन्व्हर्शन केलेल्या निम्म्या गाड्यांत 'फोर व्हीलचा लिव्हर अडकतो' ही तक्रार असते, आणि मिस्त्री लिव्हरच बदलत बसतात.

मोजायला झाकण उघडायची गरज नाही. ट्रान्सफर केस न्यूट्रलला टाका. एकाच बाजूचं चाक उचला, दुसरं जमिनीवर पक्कं. उचललेल्या चाकावर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करा. चाक बरोबर वीस फेरे फिरवा, शाफ्टचे फेरे मोजायला दुसरा माणूस बसवा. एक चाक धरलेलं असल्यामुळे वीस फेऱ्यांत क्राऊन दहाच फेरे फिरतो. शाफ्टचे पावणेचोपन्न फेरे आले तर रेशो ५.३८. पावणेएकोणपन्नास आले तर ४.८८. एक्केचाळीस आले तर ४.१०. पुढच्या एक्सलला फ्री व्हील हब असतील तर ते लॉक करून मोजा, नाहीतर चाक फिरेल आणि शाफ्ट जागचा हलणार नाही. लोक दोनच फेरे मोजतात आणि मग 'पाचच्या आसपास' असं सांगतात. ४.८८ ही पाचच्या आसपास आणि ५.३८ ही पाचच्याच आसपास. वीस फेरे. कंटाळा आला तरी वीस.

झाकणाच्या एखाद्या बोल्टखाली पत्र्याचा छोटा बिल्ला असेल तर त्यावर दातांचे आकडे असतात. तो जपा, पण त्यावर विश्वास ठेवू नका. झाकणं एका एक्सलवरून दुसऱ्यावर सर्रास जातात, बिल्ल्यासकट.

मागच्या चाकाच्या मध्याकडे पाहा. धूळटोपी काढल्यावर एकच मोठा नट आणि त्यात कॉटर पिन दिसली, तर शाफ्टचं टोक निमुळतं आहे, त्यावर चावीने हब बसलेला आहे. सीजे ला असाच असतो. त्याऐवजी लहान सहा बोल्टचं वर्तुळ दिसलं तर तो फुल फ्लोटिंग, एमबी चा मागचा एक्सल तसा होता. त्याचा शाफ्ट चाक जमिनीवर असतानाही बाहेर ओढता येतो. निमुळत्या टोकाचा हब मात्र पुलरशिवाय निघत नाही. शाफ्टच्या तोंडावर घण घालू नका. दोन्ही शाफ्ट मध्ये एका ठोकळ्याला भिडलेले असतात, एका बाजूचा घाव दुसऱ्या बाजूच्या बेअरिंगला पोचतो. डाना ४४ मध्ये शाफ्टच्या आतल्या टोकाचे दात दहा किंवा एकोणीस असतात. शाफ्ट बाहेर निघालाच आहे तर ते मोजून वहीत लिहा, म्हणजे पुन्हा काढावा लागणार नाही.

तुम्ही लिहिलंय की चाकं 'जीपचीच' आहेत म्हणून एक्सलही जीपचाच. हा तर्क चुकतो. पाच स्टड, साडेपाच इंचांच्या वर्तुळावर, म्हणजे १३९.७ मिमी, हे माप जीपचं आहे आणि जिप्सीचंही आहे. रिम बसली म्हणून वंश ठरत नाही. स्टडचे आटे पाहा. जीपचा स्टड अर्धा इंच, इंचाला २० आटे. जिप्सीचा १२ मिमी, १.२५ चा आटा. आणि तुमच्या तीन नंबरच्या फोटोत डाव्या पुढच्या चाकाच्या स्टडवर इंग्रजी एल कोरलेला स्पष्ट दिसतोय. तो स्टड उलट्या आट्याचा आहे. जुन्या जीपला डाव्या बाजूची चाकं उलट्या आट्याची असत. टायरवाल्याला आधी सांगून ठेवा, नाहीतर तो न्यूमॅटिक गनने 'उघडायला' लावेल आणि स्टड मुळापासून मोडेल. मागच्या डाव्या चाकावर तो एल दिसत नाही. म्हणजे पुढचं आणि मागचं एका गाडीचं नाही, किंवा मागचे स्टड कधीतरी बदललेत.

आता पुढचा नकल, म्हणजे चाक वळवणारा एक्सलच्या टोकाचा सांधा. तुमचा बंद पद्धतीचा आहे: एक्सलच्या टोकाला मोठा गोळा, त्यावर नकलची वाटी फिरते, आणि मागच्या कडेला अर्धगोल पट्टीने धरलेलं फेल्ट सील. आत किंग पिन नसते, वर एक आणि खाली एक निमुळतं बेअरिंग असतं. ही बेअरिंगं म्हणजे ओळखीचा उत्तम पुरावा, कारण बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो आणि तो खोटं बोलत नाही. डाना २५ च्या नकलमध्ये ११५९० कोन (बेअरिंगचा आतला भाग) आणि ११५२० कप (बाहेरचा कडा) निघतो, भोक ५/८ इंचाचं. पुढच्या चाकाच्या हबमध्ये १८५९० आणि १८५२०. हे दोन जोड तुमच्यात निघाले, तर पुढचा एक्सल जुन्या जीपच्या घराण्याचा हे पक्कं समजा. मग दुकानात गाडीचं नाव घ्यायचंच नाही, नुसते नंबर सांगायचे. बेअरिंगवाल्याला गाडीशी घेणंदेणं नसतं, त्याच्याकडे तीन मिनिटांत काम होतं.

गोळ्याच्या आत काय आहे, हेही उघडल्याशिवाय कळत नाही. युद्धकाळातल्या जीपच्या पुढच्या शाफ्टला चार प्रकारचे जॉइंट येत: पिंजऱ्यात सहा गोळ्या असलेला झेप्पा, पिंजऱ्याशिवाय गोळ्यांचा बेंडिक्स, एकही गोळी नसलेला खाचांचा ट्रॅक्टा, आणि नेहमीच्या क्रॉसचा स्पायसर. चारही तितक्याच आकाराच्या गोळ्यात बसतात, पण शाफ्ट एकमेकांना चालत नाहीत, आतल्या वॉशर आणि बुशाही वेगळ्या. डाव्या बाजूला एक आणि उजवीकडे दुसरा अशी जोडी मी दोनदा पाहिलीय. गाडी चालते तशीही. वळणावर स्टेअरिंग एका बाजूला जड आणि दुसरीकडे हलकं लागतं, एवढंच. बेंडिक्स असेल तर टेबलावर आडवातिडवा वाकवू नका, गोळ्या निघाल्या की परत बसवताना घाम फुटतो.

स्टेअरिंगकडे वळतो, कारण तुम्ही आलात त्यासाठी.

जुन्या जीपची मूळ रचना अशी. स्टेअरिंग बॉक्समधून ड्रॉप आर्म, त्यातून लांबीला पुढे जाणारी ड्रॅग लिंक, ती मध्यावरच्या बेल क्रँकला फिरवते, आणि बेल क्रँकमधून दोन तुकड्यांचे टाय रॉड दोन चाकांना जातात. दुसरी रचना बेल क्रँकशिवायची: एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत एकच लांब टाय रॉड, आणि ड्रॅग लिंक थेट एका बाजूच्या आर्मला. तुमच्या सात नंबरच्या फोटोत लांब टाय रॉड आहे, पण शेजारी गंजलेला एक ब्रॅकेट रिकामा लटकतोय. तो बेल क्रँकचा ब्रॅकेट. म्हणजे कुणीतरी बेल क्रँक काढून टाकली. हे काही पाप नाही. बेल क्रँकची पिन आणि बुश झिजली की स्टेअरिंगला वीतभर ढिलाई येते, आणि चांगली पिन मिळणं कठीण. पण तुमचा टाय रॉड मूळचा नाही एवढं नक्की, म्हणून तिन्ही डब्यांतला एंड बसला नाही.

टाय रॉड एंड ओळखायला चार मापं लागतात, नाव एकही नाही. निमुळत्या भागाचा वरचा व्यास, खालचा व्यास, त्यांच्यातली लांबी, आणि रॉडमध्ये जाणाऱ्या आट्याचा व्यास, आटा आणि दिशा. दोन्ही व्यासांतल्या फरकाला लांबीने भागलं की उतार मिळतो. बाजारात आठास एक आणि दहास एक असे दोन्ही उतार फिरतात. डोळ्याला फरक कळत नाही. एंड आर्मच्या भोकात घुसतो, नट आवळला जातो, सगळं घट्ट वाटतं. पण टेकलेला असतो फक्त वरच्या किंवा खालच्या एका कड्यावर. हजारभर किलोमीटरमध्ये तो कडा घासतो आणि एंड भोकात नाचायला लागतो. तपासायची रीत सोपी. निमुळत्या भागावर मार्करने उभ्या चार-पाच रेघा ओढा, भोकात घालून हाताने दाबून अर्धा फेरा फिरवा, काढा. रेघा पूर्ण लांबीत पुसल्या तर जमलं. फक्त टोकाला पुसल्या तर तो एंड परत करा, दुकानदार काहीही म्हणो. भोक रीमरने 'जुळवून घेऊ' म्हणणारा लेथवाला भेटेल. आर्म आधीच नाचून लंबगोल झालेला नसेल तरच, आणि त्याच उताराचा रीमर त्याच्याकडे असेल तरच.

ड्रॅग लिंकची टोकं वेगळी असू शकतात. नळीच्या बाजूला भोक, त्यातून गोळा आत गेलेला, आणि तोंडाशी स्क्रूड्रायव्हरच्या खाचेचा प्लग व कॉटर पिन दिसली, तर ती जुन्या जीपची मूळ पद्धत. आत स्प्रिंग आणि वाट्या असतात, त्यांचा क्रम काढतानाच फोटो घ्या. प्लग गच्च आवळून ठेवायचा नसतो, पूर्ण लावून थोडा मागे घ्यायचा आणि पिन घालायची. तुमच्याकडे मागचं टोक असं आहे आणि पुढचं साध्या एंडचं. मध्ये नळीवर वेल्डिंगचा कडा दिसतोय. दोन ड्रॅग लिंक कापून एक केलेली आहे. ती आजच बदला. बाकी कशाचीही घाई नाही, हिची आहे. स्टेअरिंगच्या कुठल्याही दांड्यावर वेल्डिंग, किंवा गॅसने लाल करून वाकवलेला आर्म, मी गॅरेजच्या बाहेर जाऊ देत नाही. गिऱ्हाईक रागावतं, रागावू दे.

बॉक्स. विलीज जीपला रॉसचा कॅम आणि लिव्हरचा बॉक्स होता. आत नागमोडी खाचेचा कॅम, त्यात लिव्हरचे खुंटे फिरतात. बाजूच्या झाकणावर एक स्क्रू आणि लॉक नट. तुमचा बॉक्स मोठा दिसतो आणि फोटोतल्या कोनावरून तो बॉलवाला असावा. पण बॉक्सच्या बाबतीत नावापेक्षा दोन कसोट्या महत्त्वाच्या. एक, ड्रॉप आर्मच्या शाफ्टचे दात मोजा आणि त्यांच्यात एखादा रुंद खाचेचा दात आहे का पाहा. दोन, ड्रॅग लिंक सोडवून स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, फेरे मोजा, त्याच्या बरोबर निम्म्यावर थांबा. आता चाकं सरळ ठेवून ड्रॅग लिंक आपसूक जुळते का? जुळत नसेल तर ड्रॉप आर्म एक दात इकडे-तिकडे बसलाय किंवा लिंकची लांबी चुकीची आहे. कुठलाही बॉक्स बरोबर मध्यावर सर्वांत घट्ट असतो. तुम्ही मध्य सोडून चालत असाल तर रस्त्यावर कायम ढिलाई लागणार, आणि ती घालवायला कुणी बॉक्स मध्यापासून बाजूला असताना स्क्रू आवळला तर मध्यावर येताच स्टेअरिंग अडकणार. स्क्रू नेहमी मध्यावर, लिंक सोडवून.

इथे एक किस्सा सांगतो. आमच्या उस्तादांकडे एकदा एक जीप आली. नुकताच दुसरीकडून बॉक्स बदलून आणलेला. उस्ताद बसले, गेटातून उजवीकडे वळायला स्टेअरिंग फिरवलं आणि गाडी डावीकडच्या हौदावर गेली. बॉक्स ज्या गाडीचा होता तिथे तो एक्सलच्या दुसऱ्या बाजूने काम करायचा. मालक शांतपणे म्हणाला, "सवय होते हो चार दिवसांत." तो तशी जीप साठ किलोमीटर चालवत आला होता! तेव्हापासून बॉक्स बदललेल्या कुठल्याही गाडीची पुढची चाकं उचलून आधी दिशा बघायची, हा आमच्याकडे नियम.

आता तुमची थरथर. टाय रॉड एंड बदलून ती जाईल असं मला वाटत नाही, आणि त्याचं कारण फोटो क्रमांक अकरात आहे. पुढच्या एक्सलवरचे पाट्यांचे बैठे ठोकळे मूळचे नाहीत, ते नंतर वेल्ड केलेत. जीपच्या पुढच्या एक्सलला नकल ज्या उभ्या रेषेभोवती वळतो तिचा कल मागे झुकलेला लागतो, मूळ जीपला ३ अंश. वेल्ड करणाऱ्याने डिफचं नाक ट्रान्सफर केसकडे सरळ दिसावं म्हणून एक्सल वर फिरवला असेल, तर हा कल शून्यावर किंवा उलट पुढे गेलेला असतो. मग चाक स्वतःहून सरळ व्हायचं विसरतं आणि खड्डा लागला की डोलायला लागतं. त्यात जड डिझेल इंजिनाने पाटे बसले, कुणी एक पान वाढवलं, की आणखी बिघाड.

मोजायला मशीन लागत नाही. गाडी सपाट जागी, हवा भरलेली, चाकं सरळ. नकलच्या वरच्या टोपीचा सपाट भाग घासून स्वच्छ करा आणि त्यावर मोबाइलमधलं कोनमापक गाडीच्या लांबीच्या दिशेने ठेवा. टोपी मागे उतरती दिसली पाहिजे. दोन्ही बाजूंना मोजा. फरक एका अंशाहून जास्त असेल तर हाउजिंग पिळलेलं आहे किंवा ठोकळे वेगवेगळ्या कोनात आहेत, आणि तिथे फॅब्रिकेशनशिवाय इलाज नाही. दोन्हीकडे सारखाच कमी असेल तर पाटे आणि एक्सल यांच्यात लोखंडी पाचर टाकता येते. मूळ जीपसारखे पाटे एक्सलच्या खालून असतील तर पाचरीची जाड बाजू पुढे. गाडी उंच करायला पाटे एक्सलच्या वर घेतले असतील तर जाड बाजू मागे. तुमचे वर घेतलेत. म्हणूनच ड्रॅग लिंकही इतकी तिरकी पळतेय, आणि खड्ड्यात स्टेअरिंग हाताला ओढ देतं ते यामुळे. कल वाढवला की डिफचं नाक खाली जातं आणि पुढच्या शाफ्टच्या क्रॉसचा कोन वाढतो, तेव्हा तीन-चार अंशांवर थांबा.

पाचरीच्या आधी मात्र नकलच्या बेअरिंगचा दाब पाहा. टाय रॉड सोडवा, चाक काढा, फेल्ट सील सैल करा आणि नकल हाताने फिरवा. तो लोण्यासारखा फिरत असेल तर बेअरिंग सैल आहे. टोपीखालच्या शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) कमी करून त्याला किंचित जडपणा आणायचा असतो. शिम ३, ५, १० आणि ३० हजारांश इंचाच्या येतात. वर आणि खाली दोन्हीकडून सारख्याच काढा, नाहीतर नकल मध्यावरून सरकतो आणि सील एका बाजूने गळतं. स्प्रिंगच्या काट्याने आर्म ओढून दोन्ही बाजू जुळवा. माझ्या अनुभवात या गाड्यांची अर्धी थरथर इथेच संपते, आणि लोक मात्र टायर आणि एंड बदलत राहतात.

सगळ्यात शेवटी टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांची पुढची कडा मागच्यापेक्षा किती जवळ आहे ते. सीजे ला ३/६४ ते ३/३२ इंच, म्हणजे सव्वा ते जवळजवळ अडीच मिमी. दोरीने जमतं.

कागदांचं सांगतो आणि थांबतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे परवानगीशिवाय गाडीत बदल करता येत नाही, आणि तुमच्या आरसीवर अजून पेट्रोलच आहे. आधी आरटीओत चौकशी करा, मगच एक्सलवर पैसे घाला.

आता पुढचे फोटो हे हवेत: मागचा डिफ मागून, सरळ रेषेत. ट्रान्सफर केस खालून. टाय रॉडच्या दोन्ही टोकांचे आटे, शेजारी पट्टी ठेवून. आणि दोन्ही एक्सलच्या वीस फेऱ्यांचे आकडे. ड्रॅग लिंक बदलेपर्यंत गाडी शेतातच ठेवा, घाटात नको.